धूर बघणारी बाई

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आम्ही ज्या गल्लीत राहायचो तिथे घरं समोरासमोर होती आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बरोबर तिची बैठकीची खिडकी यायची. तिच्या खिडकीला जाळीचा पडदा होता आणि तो रोज सकाळी हलायचा. एकदा हलला तर वारा म्हणावं. पण रोज, मी आमच्या खिडकीचा ब्लाइंड वर ओढला की लगेच? मी जात्याच संशयी. दुधाच्या बाटलीवर तारीख असली तरी वास घेतल्याशिवाय ते चहात घालत नाही. नवऱ्याला म्हटलं, ही बाई आपल्यावर पाळत ठेवून आहे. तो म्हणाला, "अगं, रिटायर्ड आहे, टाइमपास करत असेल." त्याला सगळं जग टाइमपासच करतंय असं वाटतं.

मला घाबरायला कारण होतं. घर भाड्याचं, आणि करार फक्त दोघांचा. बाबा गेल्यावर आई पुण्यात एकटी पडली. कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावायचा आणि पलीकडून तिचं "मी मजेत आहे" ऐकायचं, हे मला सोसेना, म्हणून तिला सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं. व्हिसा चोख होता. घरमालकाला मात्र आम्ही कळवलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याच्या खडूस एजंटने नाहीच म्हटलं असतं. आता कळलं, तर आईला परत पाठवा नाहीतर घर सोडा, एवढंच ऐकावं लागणार होतं. तिला त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

समोरची बाई इंग्रज नव्हती, अमेरिकन होती. तरुणपणी इंग्रज नवऱ्याबरोबर इकडे आलेली, आता ऐंशी ओलांडलेली, एकटी. आई दुपारी उन्हाला म्हणून दारात उभी राहायची, तिथून हिने तिला हाक मारली आणि दोघींचं जमलं. आईचं इंग्रजी मोडकं, पण हौस दांडगी. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की पोळ्या लाटता लाटता ती मला त्या बाईच्या आईच्या गोष्टी सांगायची. आपल्या शेजारणीची आई, आणि तिचं लहानपण! अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतीच्या काउंटीतलं, विमानाचा शोधही लागला नव्हता तेव्हाचं.

"आभाळात घारीशिवाय काही उडायचं नाही म्हणे," आई सांगायची. एका घरापासून दुसरं घर मैलभर लांब. दुधाची बरणी विहिरीत सोडून गार ठेवायची. सोमवारी कपडे, मंगळवारी इस्त्री, शनिवारी घोडागाडीतून गावात जाऊन अंडी विकायची आणि त्या पैशांत साखर-कॉफी आणायची. हिवाळ्यासाठी तळघरात फळांच्या बरण्याच बरण्या. डॉक्टरला बोलवायला माणूस घोड्यावरून गेला की डॉक्टर यायला दुपार व्हायची, तोवर ज्याचं त्याने बघायचं. आणि रोज उजाडलं की घरातल्या मुलीचं पहिलं काम म्हणजे ओट्यावर उभं राहून शेजाऱ्यांच्या घरांचा धूर बघणं. दूध गाळून होईपर्यंत एखाद्या धुराड्यातून धूर दिसला नाही, की वडील न बोलता घोडा जुंपायचे.

मला यातलं काहीच पटत नव्हतं. आपल्या आईचं लहानपण इतकं बारकाव्यानिशी कोणाला माहीत असतं? मला माझ्या आईचं शाळेचं नावसुद्धा आठवत नाही. मला तर ही माहिती काढायची युक्ती वाटायची. कारण प्रत्येक गोष्टीमागून एक प्रश्न यायचाच. तुझी मुलगी किती वाजता जाते? जावई कधी येतो? दिवसभर तू एकटीच असतेस का? आणि आमच्या मातोश्री खरी खरी उत्तरं देऊन घरी यायच्या, वर तिने दिलेली सफरचंदाच्या जेलीची बरणी घेऊन.

मग एका शनिवारी एजंट तिच्या फाटकाशी उभा दिसला. ती हात आमच्या घराकडे करून काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत होता. माझं धाबं दणाणलं. त्याच आठवड्यात मीटरच्या कपाटात टांगलेली जादा किल्ली नाहीशी झाली. आईला विचारलं तर म्हणाली, "असेल इथेच कुठेतरी." आई एकदा दोघींच्या चहासाठी तिला घरात घेऊन आली होती, हे मला माहीत होतं. आता यात पाणी मुरतंय म्हणायला आणखी काय हवं होतं?

मी फर्मान काढलं. समोर जायचं नाही, दारात उभं राहायचं नाही आणि स्वयंपाकघरातला ब्लाइंड दिवसभर खाली. "आई, तुला इथे राहायचंय ना?" असं मी तिला जरा जोरातच विचारलं. ती म्हणाली, "बरं बाई." त्या दिवसापासून मी घरातून निघताना स्वतः ब्लाइंड खाली ओढायची आणि कोपऱ्यावरून वळून बघायची. खालीच असायचा. समोरचा जाळीचा पडदाही हलेनासा झाला. मी खूश होते.

पुढे संकष्टी आली. चंद्र दिसल्याशिवाय आई जेवत नाही, आणि कॉव्हेंट्रीच्या ढगांना ते कोणी सांगावं? कॅलेंडरमधली वेळ पुण्याची, ती इथे चालणार नाही, हा तिचा हट्ट. शेवटी दूध पिऊन झोपली. सकाळी मी निघाले तेव्हा ती उठत होती. खाऊन घे, असं मी बजावलं. तिने डायबेटिसची गोळी वेळेवर घेतली, कारण ते मीच तिच्या डोक्यात भिनवलं होतं. खाणं मात्र अंघोळ आणि पूजा झाल्यावर.

ऑफिसात फोन आला तो समोरच्या बाईचा. आई स्वयंपाकघरात जमिनीवर घामाने डबडबलेली सापडली होती, अर्धवट शुद्धीत. हिने तिच्या गालाच्या आत बोटाने जेली चोळत ॲम्ब्युलन्स बोलावली होती. आईची संकष्टी सुटली ती अमेरिकन सफरचंदांवर.

हॉस्पिटलमध्ये आई झोपली होती आणि बाई शेजारी बसलेली होती, अंगात कोट, पायात घरातल्या चपला. मी आभार मानायच्या आधी विचारलं, तुम्ही आत कशा गेलात? तिने खिशातून आमची किल्ली काढली. "तुमच्या आईनेच दिली, आमचं ठरलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कोपऱ्यावरून वळलात की ती ब्लाइंड वीतभर वर करायची. तो आमचा धूर. आज मी दूध तापवलं, प्यायले, कप धुतला, तरी ब्लाइंड खालीच. मग मी निघालेच."

मला आधी राग आला, हे खरं सांगते. दोघींनी मिळून मला वेड्यात काढलं होतं. मी एजंटचं विचारलं. तो तिच्या कुंपणावरून आमच्या बाजूला गेलेल्या वेलीबद्दल आला होता. "घरात किती जण, असंही विचारलं त्याने," ती म्हणाली. "म्हटलं, मला म्हातारीला लांबचं दिसत नाही." एवढं बोलून ती चहा शोधायला गेली.

आईने डोळे उघडले. मी तिचा हात धरला आणि मला रडू आवरेना. किल्ली दिलीस ते मला का नाही सांगितलंस, असं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू ती परत मागून आणली असतीस," आई म्हणाली.

मी ती आणलीच असती.