एकाच हाताची पत्रे

शेजारणी म्हणत, "बाई घरात असतात, पण घरी नसतात." त्यात टोमणा होता, पण खोटे काही नव्हते. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या या बाई नऊ वर्षे एकशेचाळीस पत्रांत बुडाल्या होत्या. घरदार सोडून दूरच्या सूतगिरणीत राबायला गेलेल्या बायकांनी घरी धाडलेली ती पत्रे. बाईंचा नवरा त्या बायकांना 'माझ्या सवती' म्हणे.

पत्रापत्रांतून एक वाक्य पुन्हा पुन्हा येई : 'माझा जीव इथे रुळला आहे, वाट पाहू नये.' दुःख गिळण्याची ही भाषा त्या बायकांनी आपसांत घडवली, असा बाईंचा निष्कर्ष होता. निवृत्तीला एक वर्ष उरलेले, आणि छापण्याजोगे त्यांच्यापाशी एवढेच.

निबंध छापायला देण्याआधी विभागातल्या अभ्यासकांसमोर वाचायचा, ही तिथली रीत. सगळ्यांचे बोलून होईपर्यंत वाचणाऱ्याने तोंड उघडायचे नाही, हा दंडक. बाईंनी वाचला. दोघातिघांनी वाखाणला. मग मागच्या बाकावरून जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यातले वृद्ध कारकून उठले.

"बाई, मूळ कागद तुम्ही मागवलेच नाहीत कधी," ते अदबीने म्हणाले. "अक्षर सगळं एकाच हातचं आहे. गिरणीच्या फाटकाशी पत्रं लिहून देणारा एकजण बसायचा. ते वाक्य त्याचं असणार."

मूळ कागद हात लावताच तुटत, म्हणून दप्तरखान्याने टाइप केलेल्या नकला दिल्या होत्या, आणि बाईंनी त्यांवरच भिस्त ठेवली होती. त्यांनी वहीत 'अक्षर एकच' असे लिहून त्याखाली रेघ ओढली. पाळी आली तेव्हा उभ्या राहून, हे खरे असेल तर निबंध टिकत नाही, एवढेच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दप्तरखान्यात जाऊन मूळ पत्रांची पेटी उघडवून घेतली. अक्षर खरोखरच एक होते. प्रत्येक पत्राखाली अंगठा मात्र निराळा. नकलांत अंगठे उतरलेच नव्हते. बाई बराच वेळ ते ठसे पाहत बसल्या. मग घरी येऊन त्यांनी निबंध छापायला देणार नसल्याचे कळवून टाकले.

थोरल्या जाऊबाईंना राहवले नाही. "म्हणजे नऊ वर्षं पाण्यात गेली म्हणायची."

बाई चष्मा पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छापून आलं असतं तर गेली असती, जाऊबाई."