झिंग्याइच्या पाण्याले विरजण

तवा घरात कोण कोण होतं ते आंधी सांगाव लागन. मी, माहे भासरे म्हणजे मालकाचे मोठे भाऊ, आन घरामागच्या डबक्यातले झिंगे. बस. मालक आन सासू एकाच पटकीत गेले. साऱ्या वऱ्हाडात झिंग्याइच्या मारफत घर चालवणारा माणूस एकच झाला, तो माहा भासरा.

भावजयीनं भासऱ्याशी बोलू नये, अशी आमच्या भोयाइत रीत. सासू होती तवा निरोप तिच्या तोंडून जाये. ती गेली, मंग भासरे डबक्यावर उकिडवे बसत आन मले आयकू यीन असं वरडत, "झिंग्याहो, आज भाजीत मीठ नाही बाप्पा!" मी पदर वढून चुलीपासून म्हणो, "झिंग्याहो, त्याइले सांगा, मीठच सरलं." मंग ते अचलपूरच्या बाजारातून मीठ आणत आन पुडी डबक्याच्या काठावर ठेवत. एक डाव तिथंच लुगडं ठेवलं. "घ्या झिंग्याहो, तुमच्यासाठी आणलं." त्या दिवशी मी हासली, पण पदरात.

एका साली झिंग्याइले रोग आला. पांढरे पडून वरते येऊन राह्यले. लोक म्हणे, "लाल दवाई टाक ना." भासरे म्हणे, "दवाई चांगलं-वाईट संगंच मारते. दुधाले विरजण लावता, तं पाण्याले कावून नाही? चांगलं वाढलं का वाईटाले जागा राह्यत नाही." ज्या जुन्या तळ्यात झिंगे कधी आजारी नाही पडले, तिथला गाळ त्याइनं गाडग्यात आणला. त्यात जवारीचं आंबील आन गूळ कालवला, फडकं बांधून माह्या चुलीपाशी ठेवला. आंबूस वास सुटला का डबक्यात ओतायचं. गाव म्हणे, "भोयाचं डोस्कंच आंबलं." मले तं एकच धास्ती होती. झिंगे मेले तं या घरात कोणीच बोलणार नाही.

थोडे झिंगे सावरले, तं भासरेच हिवतापानं आडवे झाले. दुसरं गाडगं चुलीपाशी तयार. हे बाजीवरून वरडत, "झिंग्याहो, गाडगं ओता वो!" झिंगे कसे ओततीन? मले समजत होतं, पण पाय हालेना. वाटे, एक डाव तरी मले म्हणा.

लय येळानं त्याइनं भिंतीकडं तोंड केलं. "बाई, तू जाजो वं," म्हणे.

मी गेली. गाडगं ओतलं. झिंगे जगले. भासरे उठले आन पुन्हा डबक्यावर जाऊन बसले. मले ते पुन्हा कधी बाई म्हणले नाही.

ते गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डबकं आटलं. पाऊस आला, पाणी भरलं, झिंगा एक नाही. मी काठावर जाऊन बसली, पाणी पाह्यलं, उठून आली.

वाचणाऱ्याले मागणं एवढंच. तुमच्या तळ्यात झिंगे धडधाकट असतीन, तं गाडगंभर गाळ आन चार जिते झिंगे इकडं येणाऱ्या कोणाजवळ देजा. खायासाठी नको.