म्हसूच्या खांद्यावरचा रूळ

दुपारची भाकरी खाऊन गेनू ओसरीवर आडवा होतो. संपावर गेलेल्या माणसाला दुपारची झोप फुकट मिळते, तेवढीच काय ती चैन. डोक्यावरचा पत्रा उन्हानं तडतडतो, आत त्याची बायको हौसा भांडी घासते, आणि रेल्वे कंपनीच्या या चाळीसमोर, घाटातल्या वळणावर, कंपनीनं बाहेरून आणलेली टोळी नव्या रुळाशी सकाळपासून झटते आहे. रूळ जागचा हलत नाही. गेनूला त्याचा आनंद होतो आणि लगेच चोरट्यासारखंही वाटतं. कारण उन्हं कलली की तो रूळ हलवायला त्यालाच बोलावणं येणार आहे, आणि त्यानं अजून नाही म्हटलेलं नाही.

रूळ उचलायचा तर हाळी लागते. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी हुंकार देत एका दमात जोर लावायचा. या घाटात हाळी द्यायचा गेनूचा थोरला भाऊ म्हसू. गाणी म्हणायचा पगार आम्ही देत नाही, असं सांगून साहेबानं हाळी बंद केली आणि मुकादमाच्या तोंडात शिट्टी दिली. काय अक्कल! शिट्टीला उचलायला आणि ठेवायला आवाज एकच. एके सकाळी ती वाजली, निम्म्यांनी रूळ उचलला, निम्म्यांनी सोडला, आणि सगळा भार म्हसूवर आला. गेनूच्या टोळीनं त्याच दिवशी पहारी टाकल्या, युनियन उभी केली. मागणं दोनच: म्हसूच्या मरणाचा जाब द्या आणि आमची हाळी परत द्या.

आता शिट्टीनं काम होईना, तशी कंपनीला हाळी आठवली. म्हसूनंतर ती एकट्या गेनूच्या गळ्यात आहे. या एका रुळापुरती हाळी दे, नाहीतर उद्या खोली रिकामी कर, असं दौलतराव मुकादम सकाळीच बजावून गेला. घरात दोन लेकरं, हौसा पोटुशी. काय करावं याचा विचार करता करता गेनूचा डोळा लागतो.

पत्र्याचा आवाज लांब जातो. भांड्यांचा आवाज खडीवर पावलं पडावीत तसा येऊ लागतो.

"भाकर उरलीया का रं?"

म्हसू चुलीपाशी उभा आहे. त्याच्या खांद्यावर रूळ आहे. रूळ चुलीवरून, पाण्याच्या हंड्यावरून जातो आणि भिंतीतून पलीकडे. हौसा त्याच्याखालून वाकून पाणी घेते. तिला त्याचं काहीच वाटत नाही.

गेनूला रडू फुटतं. तो ते लपवत नाही. "दादा, तू तर..."

"मेलो. मलाच सांगतूस व्हय?"

"मग ह्ये खांद्यावर काय?"

"खाली ठिवा असं कुनी म्हन्लंच न्हाई. शिट्टी वाजली ती उचलायची का ठिवायची, मला अजून कळंना बग." म्हसू हसतो. जिवंतपणीही तो असाच होता. घराला आग लागली असती तरी आधी थट्टा केली असती.

"दे हिकडं, मी धरतो."

"ह्ये टोक ऱ्हाऊ दे. दुसरं टोक कुनी धरलंय, त्ये बगून ये जा."

गेनू रुळाच्या कडेनं चालू लागतो. भिंत लागते, पण अडवत नाही. पलीकडे साहेबाचा बंगला आहे. रूळ जेवणाच्या टेबलावरून गेलेला, आणि साहेब त्याच्याखाली बसून शांतपणे जेवतो आहे. रूळ थरथरला की गिलासातलं पाणी हलतं. साहेब गिलास जरा बाजूला सरकवतो आणि पुढचा घास घेतो. गेनूच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "अवो सायेब, वर बगा की!" तो ओरडतो. साहेब रुमालानं तोंड पुसतो.

बंगल्याचं दार गावच्या आठवडी बाजारात उघडतं. रुळाखाली शेरडं बांधलेली, भाजीवाल्या ओरडताहेत. बाजार संपतो तिथं घाटातलं वळण आहे. तिथं कंपनीनं आणलेली माणसं दुसरं टोक धरून वाकली आहेत. अंगावर फाटकी बंडी, पायांना भेगा. सगळ्यांचे डोळे गेनूच्या तोंडाकडे.

"कुटलं रं तुमी?"

"दुस्काळाकडचं," त्यांतला एक म्हातारा म्हणतो.

"हितं काय झालं, सांगितलं का कुनी तुमास्नी?"

"न्हाई बा. रूळ बसवायचा म्हनले. हाळी द्यायला मानूस येतोय म्हनले."

म्हसू आता गेनूशेजारी आहे, रूळ अजून खांद्यावरच.

"ह्येंचा काय दोस, दादा?" गेनू विचारतो. "पोटासाठी आल्यात."

"दोस कुटं देतोय मी? पर तू हाळी दिलीस की रूळ बसंल. रूळ बसला की संप मोडला. मग उद्यापास्नं पुन्ना शिट्टी. आन् मग ह्यातलाच एकजन येतोय माज्या शेजारी खांदा द्यायला."

"खोली जाईल, दादा. लेकरं उघड्यावर पडतील."

"पडतील. खोटं सांगू व्हय तुला? निदान मेल्यावर तरी खोटं बोलत न्हाई मी."

"मग करू काय?"

"उचलायची हाळी कुनीबी देतंय. ठिवायची हाळी तुला मी शिकवली. ती कुटं गेली?"

ती खरी अवघड. ती ऐकली की टोळीतल्या माणसाचे हात झोपेतही खाली येतात, मग टोळी कुठल्याही मुलखाची असो. गेनू तोंड उघडतो. आतून शिट्टी निघते. पुन्हा उघडतो, पुन्हा शिट्टीच. त्याला स्वतःची शिसारी येते.

म्हसू त्याला दंडाला धरून जवळ ओढतो आणि त्याचा खांदा रुळाखाली लावतो. लोखंड गार आहे आणि वजन हाडात उतरतं.

"कळलं किती जड हाय? आता म्हन."

"गेन्या! ऊठ, चल लौकर!"

पायरीशी दौलतराव उभा आहे, गळ्यात शिट्टी. पलीकडे वळणावर ती माणसं रुळाखाली पहारी घालून वाकली आहेत, वाट बघताहेत. गेनू उठून बसतो. हौसा दारात येते आणि थबकते.

"अवं, खांद्याला काय लागलंय ह्ये?"

उजव्या खांद्यावर, बंडीवर, रुळाएवढा रुंद गंजाचा पट्टा आहे. गेनू बोट लावतो, हुंगतो. लोखंडाचा वास. संप सुरू झाल्यापासून त्यानं रुळाला हात लावलेला नाही.

तो हौसाकडे बघतो. तिला सगळं कळतं. ती पदर खोचते आणि म्हणते, "बोचकी बांदाया घेते मी."

गेनू ओसरीच्या कडेला उभा राहतो आणि छाती भरून हाळी देतो.

"म्हसू मेला रं, ह्याच वळनाला..."

"होऽऽ" वाकलेली टोळी सवयीनं हुंकार देते.

"शिट्टीनं मेला रं, हाळीवाचून..."

"होऽऽ" हा हुंकार तेवढा मोठा नसतो. स्वप्नातल्याच त्या म्हाताऱ्यानं मान वर केलेली असते.

"खाली ठिवा रं, दादांनू, खाली ठिवा..."

पहारी खणखणत खडीवर पडतात. चाळीतली दारं उघडतात आणि संपावरची माणसं ओसऱ्यांवरून ओरडतात, "ठिवलं!" म्हातारा हात झटकून रुळावर बसतो. त्याच्यामागोमाग बाकीचेही बसतात.

दौलतराव शिट्टी फुंकतो. गाल लाल होईपर्यंत फुंकत राहतो, पण कुणी वाकत नाही. गेनू खांद्यावरचा गंज पुसत नाही. तसाच पायऱ्या उतरून तो त्या माणसांशेजारी जाऊन बसतो.