सल्ल्याच्या खोलीतला आवाज

मित्रहो, आज वडिलांचं श्राद्ध. गच्चीवर कावळ्याला घास ठेवला आणि फोन वाजला. एका लॅबमधली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, वडील पन्नाशीतच हार्ट अटॅकने गेले ना? तुमचंही वय आलं. सगळ्या तपासण्या करून घ्या."

हिला हे कसं कळलं?

तसाच हडपसरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे सरकारने फक्त सल्ल्यासाठी एक डॉक्टर बसवले होते, कुठल्याही लॅबचे मिंधे नसलेले. गेल्या वर्षी वडिलांबद्दल ऐकून ते म्हणाले होते, "अहो, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघा. भीती विकत घेऊ नका."

नेहमीसारख्या चपला बाहेर काढून आत शिरलो. खुर्ची तीच, पण तिच्यात एक मुलगी. मी नाव सांगितलं.

"या काका, सकाळी आपणच बोललो ना?"

शिपाई म्हणाला, "डॉक्टरांचा निधी बंद झाला. खोली लॅबला दिलीय, रुग्णांच्या नोंदवह्यांसकट."

वडिलांचं मी त्या डॉक्टरांखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं.

खुर्ची रिकामी दिसली असती, तर इतका घाबरलो नसतो.

घरी आलोय. घासाला कावळा अजून शिवलेला नाही. छातीत धडधडतंय. हे खरं दुखणं की विकत घेतलेली भीती, आता विचारू कुणाला?