काकांचा स्टीलचा ग्लास

दहा कप केले की सहा नीट निघतात. उरलेल्या चारांचे किस्से होतात! आमच्या शेडमागे खापऱ्यांचा ढीग जसा वाढतोय, तसा किश्श्यांचाही वाढतोय. फरक एवढाच की खापऱ्या निदान जागच्या हलत नाहीत. किस्से मात्र सिल्वासाभर फिरून, थोडे फुगून, परत माझ्याच कानावर येतात. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगून टाकावेत.

आधी थोडं माझं. बाबा कोकणातून इथल्या शाळेत शिकवायला आले आणि इथलेच झाले. मी मात्र सातवीपासून होस्टेलला, आणि पुढे सिरॅमिक्स शिकायला थेट वेल्सला. परत आले ती डोक्यात एकच खूळ घेऊन. आपल्या आजूबाजूला सगळं कारखान्यातून निघतं. धागा, पाइप, बाटल्या, सगळं! इथे एक तरी वस्तू हाताने झाली पाहिजे, आणि ती रोज ओठाला लागली पाहिजे. म्हणजे कप!

सायली रोडवर रतिलालकाका ह्या गुजराती कुंभारांच्या घरामागे एक शेड रिकामी होती. काकांनी चाळीस वर्षं त्यात माठ आणि पणत्या केल्या, मग गुडघ्यांनी दगा दिला. मी शेड मागितली, शनिवारी क्लास घेईन म्हटलं. काका लगेच हो म्हणाले. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे पोचे आलेला स्टीलचा ग्लास लटकत होता.

"शेड तुझी. पण चहा मी ह्याच्यातच पिणार. तुझा कप ज्या दिवशी बरोबर होईल, त्या दिवशी बघू."

मी मनात म्हटलं, पंधरा दिवसांत पाजते की नाही बघा!

*

पहिल्याच शनिवारी मी चाकावर बसले आणि दोन मिनिटांत कप उभा केला. सडपातळ, उंच, वळणदार. वेल्सच्या मास्तरांनी ह्याला टाळ्या वाजवल्या असत्या. मी काकांकडे पाहिलं.

काकांनी माती कापायची तार उचलली आणि कप वरपासून खालपर्यंत मधोमध कापला!

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. काका शांतपणे दोन्ही अर्धे माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाहेरून सगळे छान असतात. आतून बघ."

आतून बघितलं. काठ कागदासारखा आणि बूड दोन बोटं जाड.

"हा कप नाही, दीकरी. ही वीट आहे. वरून खड्डा पडलाय."

पुढचा सबंध महिना मी अर्धे कपच केले. म्हणजे पूर्णच करायचे, पण घरी अर्धे न्यायचे. आई म्हणाली, "एवढी लांब शिकायला गेलीस, आणि अर्धंच शिकून आलीस का?"

*

क्लासला पहिले आले ते भाऊसाहेब. मूळचे धुळ्याकडचे, खडोलीतल्या एका धाग्याच्या कंपनीत क्वालिटी चेकिंगला. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष शोधायचे, हा त्यांचा धंदा. दुसऱ्या शनिवारी ते खिशातून व्हर्नियर घेऊन आले. हो, तेच ते जाडी मोजायचं यंत्र!

"ताई, सहा कप करतो. सहाच्या सहा सारखे. पॉइंट एकचाही फरक येऊ देत नाही, सांगून ठेवतो!"

तीन शनिवार खपले. एक कप केला की मोजायचा, मान हलवायची, आणि कंपनीतून आणलेला लाल गोल स्टिकर त्यावर लावायचा. लाल म्हणजे बाद. सहाव्या कपावरही लाल लागला तेव्हा भाऊसाहेब रडवेले झाले.

"मोप माल रिजेक्ट केला आयुष्यात, काका. पण आपलाच आपण? लई वाईट वाटतं राव!"

काका उठले. एकेक कप उचलून त्यांनी टिचकी मारली, कानाशी धरला. काकांची हीच तपासणी. आवाज पटला तर कप सरळ ठेवायचा, नाही पटला तर उपडा. सहापैकी चार सरळ ठेवले. मग एका कपावरचा लाल स्टिकर नखाने अलगद सोलला आणि भाऊसाहेबांच्या व्हर्नियरवर चिकटवला.

त्यानंतर ते यंत्र आम्हाला कधी दिसलं नाही.

*

दुसऱ्या आमच्या सावंत मॅडम. सरकारी कचेरीत, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. साडीला एक सुरकुती नाही, फायलीला एक डाग नाही. त्या मातीत हात घालतील असं त्यांच्या घरच्यांनाही वाटलं नव्हतं.

चाकाचं पहिलं गणित म्हणजे गोळा बरोब्बर मध्यावर आणणं. तो येईपर्यंत गोळा हातांना धक्के देत राहतो. मॅडमना सात शनिवार धक्के बसले. दर वेळी त्या गोळ्याला कचेरीतल्या आवाजात दम द्यायच्या, "नीट बस! सांगून ठेवते!"

आणि आठव्या शनिवारी तो बसला. मातीचं काम केलेल्या प्रत्येकाला हा क्षण माहीत आहे. चाक गरगर फिरतंय, आणि हातातला गोळा एकदम स्तब्ध! जणू फिरतच नाही. अंगावर काटा येतो. माझ्या तर आजही येतो.

मॅडम जिवाच्या आकांताने ओरडल्या, "थांबला गो बाय! थांबला!"

जसुकाकी, म्हणजे रतिलालकाकांच्या पत्नी, लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय झालं? बोट गेलं का कुणाचं?"

"नाही हो काकी, माती थांबली!"

काकींनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं ह्यांना चाकावर बघते. एकदा ओरडले नाहीत कधी."

काका दारातून म्हणाले, "मनात ओरडतो."

*

आता माझ्या आदर्शवादाचा किस्सा. हा सांगायला लाज वाटते, म्हणूनच सगळ्यात जास्त फिरलाय.

मी जाहीर केलं की विकतची माती बंद! आपल्या जमिनीतला कप हवा! वासोण्याला ओळखीच्यांचं शेत होतं, तिथून चार पोती माती खणून आणली. त्या दिवशी मी मातीवर भाषणही केलं. भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. काकांनी एवढंच विचारलं, "चाळली?"

"हो काका!" चाळली होती. वाळू चाळायच्या चाळणीने.

कप सुंदर निघाले. लालसर, वर मधासारखं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप. काकांनी टिचक्या मारल्या आणि सगळे उपडे ठेवले. मला वाटलं, जुनी माणसं, नव्याचं कौतुक नाही! सावंत मॅडमनी त्यातले आठ कचेरीत नेले. साहेबांपासून सगळ्यांनी वाहवा केली. मॅडमनी ते आपल्या कपाटात ठेवले.

दोन दिवसांनी कपाटातून आवाज यायला लागला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

कुणी म्हणालं पाल, कुणी म्हणालं उंदीर. पेस्ट कंट्रोलवाला आला, औषध मारून गेला. दुसऱ्या दिवशी टक्!

शेवटी उलगडा झाला तो साहेबांच्या टेबलावर. साहेब चहा पीत होते, आणि कपाच्या पोटावरून अंगठ्याएवढी ढलपी उडून समोरच्या फायलीवर पडली. टक्! साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"सावंत मॅडम, हे काय आहे?"

मॅडम खाली बघून म्हणाल्या, "सर, हाताने केलेलं आहे. जिवंत असतं."

मी तो साहेबांचा कप घेऊन तरातरा काकांकडे गेले. काकांनी कपावरच्या खड्ड्यातला पांढरा ठिपका दाखवला. "चुनखडी. भट्टीत भाजते, मग हवेतलं पाणी पिऊन फुगते, आणि कप फोडते. टिचकीलाच कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"उपडे ठेवले ने! अजून काय, ढोल वाजवू?"

मी तो कप रागाने खापऱ्यांच्या ढिगावर ठेवून दिला आणि घरून आईची मैद्याची चाळण पळवून आणली. तेव्हापासून आमची माती मैद्याच्या चाळणीतून जाते आणि आमच्या घरच्या करंज्या जाडसर होतात.

*

काकांचा ग्लास खिळ्यावरच होता. पण माती आता निर्दोष होती, आणि माझा उत्साह तर काय, उतू जात होता. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, आमच्या कॅन्टीनमध्ये कागदी कप चालतात. एक दिवस आपले नेऊ. लोकांना फरक कळू द्या!"

दीड महिना खपून आम्ही तिघांनी तीस कप केले. मला कॅन्टीनमध्ये दोन मिनिटं बोलायला मिळाली. हाताची ऊब, मातीचा गंध, असं बरंच काही बोलले. चहा वाटला. उत्तर प्रदेशातले एक वयस्कर फिटर होते. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि डोळे मिटले.

"कुल्हड़ की चाय! गाँव याद आ गया, बिटिया!"

माझे डोळे भरून आले. हेच! ह्याचसाठी तर परत आले होते मी! फिटरचाचांनी शेवटचा घोट घेतला, समाधानाने "आहा!" म्हटलं, आणि कप भिंतीच्या कोपऱ्यात फेकून फोडला.

कुल्हडात प्यायलं की फोडायचं, हा त्यांच्याकडचा रिवाजच. मग काय! एकामागून एक. खण्! खण्! खण्! भाऊसाहेब "अरे थांबा, धुवायचे आहेत ते, धुवायचे!" म्हणत इकडून तिकडे धावत होते. भाऊसाहेबांच्या धुळ्याकडची मंडळी आधी बिचकली, मग तीही फोडायला लागली. अठ्ठावीस कप गेले. भाऊसाहेब दोन्ही हातांत एकेक कप छातीशी धरून उभे होते, पोरं वाचवल्यासारखे.

जाताना फिटरचाचा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बहुत बढ़िया था. फिर कब लाओगी?"

मी रडकुंडीला येऊन काकांना सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुटताना आवाज कसा आला?"

मी डोळे पुसले. आठवलं. "खणखणीत."

"बस! म्हणजे भट्टी बरोबर लागते आता."

*

म्हणजे बूड बरोबर, माती बरोबर, भट्टी बरोबर. उरलं काय? मी तीन आठवडे एकच कप केला. म्हणजे केले चाळीस, ठेवला एक. काठ ओठाला जाणवणार नाही असा, कान दोन बोटं सहज जातील असा. काकांनी टिचकी मारली. कप असा वाजला की सावंत मॅडमनी चाक थांबवलं! काकांनी तो फिरवून पाहिला आणि सरळ ठेवला. सरळ!

मी काकींकडून गरम चहा आणला, त्या कपात ओतला आणि काकांपुढे धरला. सावंत मॅडम चाक सोडून जवळ आल्या. भाऊसाहेबांनी तर मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला होता.

काकांनी कप हातात घेतला. वजन पाहिलं. ओठांपर्यंत नेला. थांबले. मग खिळ्यावरचा ग्लास काढला, कपातला चहा त्यात ओतला, आणि भुरका मारला.

"चहा चांगला आहे," काका म्हणाले.

भाऊसाहेबांचा तो व्हिडिओ अख्ख्या खडोलीने पाहिलाय.

"काका, कपात चूक काय आहे ते तरी सांगा!" मी जवळजवळ किंचाळले.

"चूक काही नाही. हा कप आहे ने, तो सारखा तुझ्याकडेच बघतोय. पिणाऱ्याकडे बघत नाही."

घरी गेले आणि आईला म्हटलं, जमत नाही मला. आई म्हणाली, "ते राहू दे, माझी चाळण कुठाय?"

*

चाळण शेडमध्येच राहिली होती. सण जवळ आलेला, आईने तीन दिवस माझ्यामागे टुमणं लावलं. शेवटी एका सकाळी कामाला जाणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत मी स्कूटी काढली आणि सायली रोडला गेले. पुढचं दार लोटलेलं होतं, म्हणून वळसा घालून मागच्या बाजूने गेले.

जसुकाकी तुळशीला पाणी घालत होत्या. स्टीलच्या ग्लासाने. पोचे आलेल्या, त्याच!

मला पाहून त्या पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. पाणी तुळशीऐवजी पायावर सांडत होतं, ते त्यांना कळलंही नाही.

शेडच्या पायरीवर काका पाठमोरे बसले होते. फुंकर घालत निवांत चहा पीत होते. मी दोन पावलं पुढे गेले. कप लालसर होता, वर मधासारखं ग्लेझ. पोटावर चुनखडीने ढलपी उडवलेला खड्डा, आणि त्या खड्ड्यात काकांचा अंगठा. इतका बरोबर बसलेला, की जणू मापच घेतलं होतं. काठ आतल्या बाजूने चहाने तपकिरी झालेला. असा रंग एका दिवसात चढत नाही.

"काका," मी म्हटलं.

काकांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे, मग कपाकडे, मग काकींकडे. काकींनी ग्लास पदराआड लपवला. काकांनी शेवटचा घोट घाई न करता प्यायला, कप पायरीवर सरळ ठेवला आणि म्हणाले,

"क्लास शनिवारी असतो. आज बुधवार आहे."