घोडेवाल्या सिनेमात दत्तूकाकांचं काम

आमच्या आत्याला मयताला न्यायची सोय नव्हती. ती रडायची, नाही असं नाही. पण रडता रडता तिचं लक्ष बाकीच्यांच्या रडण्याकडे. परतताना आमच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी पोचलो की पदरानं नाक पुसून निकाल द्यायची, "धाकटी सून बरी रडली गो. थोरल्येचा काय खरा नाय. मधीच डोळो उघडून बगी होती, कोण कोण इला ता." पूजा सांगणारा भटजी असो, बोहल्यावरचा नवरदेव असो की मतं मागायला आलेला पुढारी, चारचौघांत उभा राहिला की आत्याच्या लेखी तो नट. वाडीनं तिचं नाव 'जज्जीण' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

ती माझ्या नवऱ्याची आत्या. लहानपणी लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला आणि ती मालवणजवळच्या आमच्या वाडीत, माहेरी परत आली ती कायमची. मी मसुऱ्याहून सून म्हणून आले तेव्हा सासूसासरे नव्हते, नवरा मुंबईला गिरणीत. घरात आत्या आणि मी. पहिल्याच दिवशी मी उखाणा घेतला तर म्हणाली, "आवाज बरो आसा. पण लाजूचा काम तुका येणा नाय. तू खरीच लाजतंस."

खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडच्या घरात तिचा सख्खा धाकटा भाऊ, दत्तूकाका, राहायचे. दोघांचं बोलणं बंद होतं. म्हणजे तोंड बंद नव्हतं. आत्या आमच्या गाईला सांगायची, "कपिले, सांग तेका, पाणंदीत झावळां टाकू नको." तिकडून काका त्यांच्या कुत्र्याला सांगायचे, "टिप्या, झावळां वाऱ्यान पडली म्हणान सांग." गाय आणि कुत्रा दोघंही शहाणे, मधे पडत नसत.

भांडणाचं कारण मला पेद्रू मास्तरांनी सांगितलं. हे मास्तर आमच्या शेजारचे, गोव्याकडून आलेल्या घराण्यातले, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. दत्तूकाका तरुणपणी गावच्या उत्सवातल्या नाटकात काम करत. एका वर्षी त्यांना भीमाचं काम मिळालं. खांद्यावर गदा, गालांना रंग, समोर सगळा गाव. काका गर्जना करणार तेवढ्यात पुढच्या रांगेतून आत्याचा आवाज आला, "हो भीम न्हय गो, भीमाक जेवण वाढणारो!" मांडव इतका हसला की पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. काकांनी गदा तिथंच खाली ठेवली. परत कधी रंग लावला नाही, की बहिणीशी बोलले नाहीत. त्यानंतर भीमाचं काम वाडीतला दुसराच एकजण करायचा. भिकार करायचा. आणि त्याच्याबद्दल आत्या चकार शब्द काढायची नाही.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की बंदराजवळच्या वाळूत सिनेमाचा तंबू लागायचा. डाव्या हाताला बायका, उजवीकडे पुरुष, मधे एक दोरी. वाऱ्यानं पडदा फुगला की देवसुद्धा लठ्ठ दिसायचे. एका वर्षी हरिश्चंद्राचा सिनेमा येणार म्हणून सगळा गाव जमला, आणि बोटीतून उतरली भलतीच पेटी. पडद्यावर एकदम घोडे, धूळ आणि पिस्तुलं. बोलणं सगळं इंग्रजी. तंबूवाल्या शेटनं हात जोडून पेद्रू मास्तरांना भोंगा दिला आणि म्हणाला, "मास्तर, जमेल तसं सांगा."

मास्तरांनी सांगितलं ते असं : चार दरोडेखोर एका माणसाच्या थोरल्या भावाला दारातच गोळ्या घालतात. धाकटा शपथ घेतो आणि एकेकाला हुडकून मारतो. एकाला झाडाला टांगला, एकाला घोड्यामागून फरफटवला. म्हाताऱ्या राम राम म्हणत डोळे झाकत होत्या आणि बोटांच्या फटीतून बघत होत्या. आत्या मात्र ताठ बसून होती. भावाचं प्रेत मांडीवर घेऊन नायक गप्प बसला, तंबूत शांतता पसरली, आणि त्या शांततेत आत्या म्हणाली, "भाव मेलो तेचो! आणि तोंड बगा, बांगडे महाग झाले म्हणान बाजारातसून परत इल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आमच्या ओट्यावर हजर. "आत्या, तुम्ही अन्याय केलात. तो नट दुःख गिळत होता. ह्याला संयम म्हणतात."

"गिळल्यान ता खरा, पण पोचला खंय?" आत्या म्हणाली. "नरड्याच्या खाली काय दिसणा नाय. तेच्यापरास पिंगुळीचे बावले बरे. दोरी ओढल्यार मान तरी हलवतत."

"आणि त्याची बायको?"

"ती भाकऱ्या भाजता ते हात बगलंस? जल्मात चुलीकडे गेली नाय ती. घोड्यान काम बरा केल्यान."

पुढची बोट चार दिवसांनी येणार होती, त्यामुळे तंबूत तोच सिनेमा रोज. पण गर्दी कमी व्हायच्याऐवजी वाढली, कारण गाव दुभंगला होता. मास्तरांच्या बाजूचे म्हणायचे नायक श्रेष्ठ. आत्याच्या बाजूचे म्हणायचे घोडा. मासळीबाजारात एका कोळणीनं नायकाला नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला सुरमई द्यायची नाकारली. एका गोष्टीचा मात्र निकाल लागेना, ती म्हणजे दरोडेखोरांचा म्होरक्या. हा म्होरक्या माणूस मारायच्या आधी सुरीनं सफरचंद सोलायचा आणि हसायचा. मास्तरांच्या मते तो अति करत होता. आत्याचं काय मत, ते ती सांगेना.

तिसऱ्या संध्याकाळी दत्तूकाका आले. सिनेमाला ते कधी येत नसत, पण घोड्याची एवढी चर्चा झाल्यावर त्यांनाही राहवलं नसावं. दोरीच्या पलीकडे, अगदी आमच्या लगत बसले. मध्यंतरात दिवे लागले आणि मास्तरांनी भोंग्यातूनच विचारलं, "आत्या, आज सांगूनच टाका. म्होरक्या कसा वाटला?"

आत्या उठून उभी राहिली. मला वाटलं, आता कुणाची तरी धडगत नाही.

"तो वायट न्हय," ती म्हणाली. "पण तेका डोळे नाय. ह्या कामाक माणूस असो होयो, की नुसतो बगल्यान तरी समोरच्याचा पाणी होवक होया. असो एकच माणूस मी बगलंय. आमचो दत्तू. तेका लोकांनी भलताच काम दिल्यानी. भीम कसलो? तो दुर्योधनाच्या जातीचो नट. ह्या कामाक दत्तू उभो रवलो असतो, तर त्या हिरोक घोडो घेवन पळूची पाळी इली असती."

तंबूत शेंगा फोडणारेही थांबले. दत्तूकाका वाळूकडे बघत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दोरीच्या अलीकडून दिसले. मग त्यांनी मान वर केली. त्या दिवशी जवळ कुत्रा नव्हता, म्हणून मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तिका सांगा, माका घोड्यार बसाक येणा नाय."

"तेका सांगा," आत्या म्हणाली, "शिकाक येता!"

मग जो काही हशा उठला, त्यात उरलेल्या सिनेमात कोण कोणाला मारतंय ते कुणाला कळलं नाही. मास्तरांनी भोंगा खाली ठेवून दिला.

त्या वर्षीच्या उत्सवात दत्तूकाकांनी रंग लावला. काम कीचकाचं. आत्या नेहमीसारखी पहिल्या रांगेत. काका आले आणि द्रौपदीकडे नुसतं बघितलं, तर द्रौपदीचं काम करणारा बापडा खरोखरच दोन पावलं मागे सरकला. भीमानं कीचकाला मारलं तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे सोडून आत्याच्या तोंडाकडे बघत राहिले. निकाल तिनं घरापर्यंत राखून ठेवला. घरी आल्यावर पाय धुताना मला म्हणाली, "इतक्या लवकर मारूक नको होतो."

हे मी काकांच्या कानावर घातलं. सकाळी काका आमच्या खळ्यात आले, कपिलेच्या पाठीवर हात फिरवला आणि थेट आत्याला विचारलं, "च्या आसा काय?"

"आसा," आत्या आतून म्हणाली. "पण साखर संपली. तुझ्या घरातसून हाड."

साखर संपलेली नव्हती. मीच आदल्या दिवशी डबा भरला होता. पण काका गेले आणि वाटीभर साखर घेऊन आले. तेव्हापासून रोज सकाळी ते ओट्यावर चहाला बसायचे आणि दोघं एकमेकांशी भांडायचे, समोरासमोर. मास्तर म्हणायचे, गाईकुत्र्याच्या मध्यस्थीत निदान शांतता तरी होती.

पुढं माझ्या नवऱ्याला मुंबईत खोली मिळाली आणि माझं जायचं ठरलं. बोट खोल पाण्यात उभी होती. तिथवर माणसं न्यायला पडाव, म्हणजे मोठी होडी, लागला होता. ट्रंक उचलून काका पुढे गेले. मी आत्याच्या पाया पडले आणि वाकलेलीच राहिले, कारण वर बघायचा धीर होईना. सगळ्या गावाचा निकाल तिनं दिला होता. माझा कधी पुरता दिला नव्हता. म्हणून मीच विचारलं, "आत्या, माझा काम कसा झाला?"

तिनं मला दंडाला धरून उभं केलं. माझा पदर सारखा केला, मग उगाच परत एकदा केला.

"सुनेचा काम तुका जमला नाय गो," ती म्हणाली. "पोटच्या चेडवाचा बरा केलंस."

आणि मला काही बोलायची संधी न देता ती पडाववाल्याच्या अंगावर ओरडली, हळू धर म्हणून.