पाहुण्यांनी पाणी मागितलं

वर्ग गच्च भरला होता आणि त्यातली निम्म्याहून जास्त पोरं मी कधी पाहिलीच नव्हती.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे मानोरा तालुक्यातल्या आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारी बाई. या तांड्यावरच्या शाळेत माझं नेहमीचं जाणं. पोरं नावानिशी ओळखते. मग ही कोण?

राठोड गुरुजींना दाराआड ओढलं. ही शाळा ते एकटेच चालवतात.

"गुरुजी, काय प्रकार आहे हा?"

"सांभाळून घ्या मॅडम. शेजारच्या गावातून ट्रॅक्टरनं आणली. रिकामी शाळा दाखवू काय पाहुण्याले? उद्या कुलूप लावतीन."

त्यांची भीती खोटी नव्हती. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. आईबाप जातात, त्यांच्याबरोबर लेकरंही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली थोडी पोरं. वर्ग असा ओस पडला की शाळा बंद करून शेजारच्या शाळेला जोडायची भाषा सुरू होते.

पण याच गुरुजींनी माझ्यामार्फत जिल्ह्याला एक प्रस्ताव पाठवला होता, हंगामी वसतिगृहाचा. आईबाप तोडीला गेले की पोरांनी शाळेतच राहायचं, तांड्यातल्या बायांनी त्यांना रांधून घालायचं, एवढीच ती योजना. तिकडे पोरं जातात म्हणून कागद पाठवायचा आणि इकडे पोरं आहेत म्हणून दाखवायचं! माझं डोकंच चालेना.

तेवढ्यात गाड्या आल्याच. पाहुणे आफ्रिकेतल्या एका देशाचे खासदार. आधी शिक्षणमंत्री होते, आणि त्याच्याही आधी साधे शाळामास्तर. आमच्याकडची जलसंधारणाची कामं बघायला आले आणि वाटेत म्हणाले, एखादी शाळा दाखवा. सोबत जिल्ह्याचे साहेब. मी पूर्वी इंग्रजी शिकवायचे म्हणून मला दुभाषी केलं. पाहुण्यांचं इंग्रजी मला जेमतेम कळत होतं. माझं त्यांना किती कळलं, देव जाणे.

वर्ग पाहून साहेब खूश.

"अरे वा, फुल आहे की! मॅडम, तांडा रिकामा होतो असं लिहिलं होतं तुम्ही. मग वसतिगृह कशाला हवंय? प्रस्ताव मागे घ्या."

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. खरं सांगावं तर गुरुजींच्या नोकरीवर येतं. गप्प बसावं तर वसतिगृह हातचं जातं आणि पुढच्या वर्षीही पोरं उसाच्या फडात.

पाहुणे मात्र पोरांकडेच बघत होते. हातातली भरलेली पाण्याची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "मुलांना सांगा, मला तहान लागली आहे. प्रत्येकाने आपापल्या घरून पाणी आणा."

समोर बाटली ठेवून हा माणूस पाणी मागतो? मी पुन्हा विचारलं. तेच म्हणाले. मग सांगितलं पोरांना.

आमच्याकडे पाहुण्याला पाणी म्हटलं की पोरं थांबत नाहीत. नऊ जण धूम पळाले. बाकीची दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. एकमेकांची तोंडं बघू लागली. एक मुलगी माझ्याजवळ आली.

"मॅडम, आमचं घर तं इथं नाई. कोनाच्या घरून आनू?"

साहेबांनी गुरुजींकडे वळून पाहिलं. गुरुजींची मान खाली.

"साहेब, पळाली तेवढीच आमची हायेत. आमची बाकीची तोडीवर गेली."

"सस्पेंड करतो तुम्हाला."

साहेब काय म्हणाले, पाहुण्यांनी मला विचारलं. गोंधळात मी जसंच्या तसं सांगून टाकलं. आणि हा माणूस हसला. मला असा राग आला! एकाची नोकरी चालली आणि याला हसू सुचतंय.

मग ते पोरांच्या सतरंजीवर बसले आणि बोलत राहिले. मला कळलं ते असं. ते मास्तर होते गुरं पाळणाऱ्यांच्या वस्तीत. पाणी आटलं की वस्ती गुरांमागे निघून जायची. वस्तीबरोबर फिरणारी शाळा द्या, असा त्यांचा अर्ज. आणि तपासणीच्या दिवशी त्यांनीही वर्ग भरलेला दिसावा म्हणून पोरं उसनी आणली. तपासणारा खूश होऊन गेला. वर्ग भरलेला आहे, मग फिरती शाळा कशाला?

"मी राजधानीत गेलो," ते म्हणाले. "तिथे म्हणाले, तसा कायदाच नाही. कायदा कुठे करतात? संसदेत. म्हणून निवडणुकीला उभा राहिलो. पडलो. पुन्हा उभा राहिलो. शेवटी मंत्री झालो आणि फिरती शाळा सुरू केली. तोवर माझे विद्यार्थी बाप झाले होते. त्यांची मुलं शिकली. ते राहिले ते राहिलेच."

हे सगळं मी साहेबांना मराठीत सांगितलं.

पोरं तांबे घेऊन आली. पाहुण्यांनी प्रत्येकाच्या तांब्यातलं घोटभर पाणी प्यायलं आणि विचारलं, घरी कोण आहे? आजी, आजी, आजोबा, आजी. साहेब ऐकत उभे होते.

निघताना मी पाहुण्यांना विचारलंच, तुम्हाला कळलं कसं?

"वर्ग एवढा गच्च, तरी मुलं गपचूप बसली होती. आपल्या वर्गात मूल जागेसाठी भांडतं."

पुढे गुरुजींना कारणे दाखवा नोटीस आली. वसतिगृहाची मंजुरीही आली. दोन्ही एकाच टपालात. साहेबांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. नोटिशीला गुरुजींनी खरं ते उत्तर दिलं आणि ते प्रकरण तिथेच थांबलं. यातून मी एवढंच शिकले की शाळा दाखवायची तर आहे तेवढीच दाखवावी.

यंदा तोडीच्या दिवसांत मी तांड्यावर गेले. सगळी नाही, पण बरीच पोरं मागे राहिली होती. खिडकीजवळच्या जागेवरून दोघांची जुंपली होती. मला बघून गुरुजी ओशाळले आणि त्यांना दटावायला धावले.

म्हटलं, "राहू द्या गुरुजी. भांडू द्या त्यांना."